इंजिनाची हळद

एरंडेल तापलं की त्याचा वास केसांत जाऊन बसतो आणि मग शिकेकाईनेही निघत नाही, हे ज्ञान मला अकरावीत झालं. वर्गातल्या बाकीच्या मुली मोगऱ्याच्या, फार तर चमेलीच्या वासाच्या असायच्या. मी जळक्या एरंडेलाची होते. माझ्या शेजारी बसणारी, आचोळ्याहून येणारी एक शांत मुलगी एकदा कानाशी येऊन फार हळुवारपणे म्हणाली, “घरी कोणाला बरं नाहीये का गं?” मी म्हटलं, “नाही गं, काकाच्या ट्रकचं इंजिन बदललंय.” दुसऱ्या दिवसापासून तिने बाक बदलला. आज ती कुठे भेटली तर सगळं नीट समजावून सांगेन म्हणते, पण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहेच.

सुरुवात जनाआत्यापासून करावी, कारण आमच्या जूचंद्रच्या घरात कशाचीही सुरुवात तिच्यापासूनच व्हायची. जनाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली, आणि आली ती घराची सूत्रं हातात घेऊनच. ती गावची धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात मांडव पडल्यापासून वरात परतेपर्यंतचे विधी जिच्या गाण्यावर चालतात, ती धवलारीण, आणि ती गाणी म्हणजे धवले. तिला माइक लागायचा नाही. मांडवात गायला बसली की खाडीपलीकडच्या माणसांना हळद कुठवर आली ते घरबसल्या कळायचं. हाच आवाज ती घरी “मीठ संपलं” हे सांगायलाही वापरायची. सकाळी तिची तांदळाची भाकरी थापण्याची थपथप, जवळा परतल्याचा वास आणि त्यावर तिची हाक, “रेशमे! उठतंस का पानी मारू?” मी अजूनही गजर लावत नाही. गजराची भीती वाटण्याची माझी सगळी क्षमता त्या वयातच संपली.

बाळूकाका तिचा सगळ्यांत धाकटा भाऊ. त्यांची आई तो रांगत असतानाच गेली, म्हणून आत्यानेच त्याला वाढवलेला. तो मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत फिटर होता. महिनेच्या महिने जायचा आणि परत आला की आत्या त्याला समोर बसवून वालाचं बिरडं, बोंबील, निवट्या असं काय काय खायला घालून बोटीवर झिजलेला माणूस पुन्हा भरून काढायची. येताना तो आमच्यासाठी साबण, चॉकलेट, बाबांसाठी घड्याळ असं आणायचा. त्या वर्षी त्याने खोक्यातून एक ट्रक आणला.

ट्रक म्हणजे रिमोटवर चालणारा. मांजराएवढा, पण चाकं अशी की मांजर बघून पळेल. मला वाटलं, सेल घालायचे आणि पळवायचा. काकाने माझ्याकडे बोटीवरच्या चीफ इंजिनियरने खलाशाकडे बघावं तसं बघितलं. “याला सेल नाय. याला इंजिन हाय. खरं इंजिन. पेट्रोलबिट्रोल नाय चालत, याचं इंधन वेगलं.” खरंच होतं. लिंबाएवढं इंजिन, त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या चकत्या, बाजूला करंगळीएवढा सायलेन्सर. आतला प्लग बॅटरीने लाल करायचा, दोरी ओढायची, की ते असं किंचाळायचं की शेजारच्या म्हशीने पहिल्या दिवशी दूधच दिलं नाही. इंधनात स्पिरिट, नायट्रो आणि एरंडेल. स्पिरिट आणि नायट्रो जळून जायचे. एरंडेल मात्र धुरातून बाहेर येऊन ज्याला जवळ सापडेल त्याच्या अंगावर बसायचं. जवळ मी असायचे. कारण हे इंजिन एकदा सुरू झालं की बंद करायला बटण नव्हतं. सायलेन्सरचं तोंड दाबून त्याचा श्वास कोंडायचा. काकाने ते काम मला दिलं आणि मी ते डाव्या चपलेच्या टाचेने करायचे. इतर मुलींच्या चपला झिजतात, माझी भाजायची.

त्या खेपेला ट्रकहून मोठी गोष्ट काकाने बॅग उघडायच्या आधी सांगितली. जेवताना मान खाली घालून म्हणाला, “मना आता बोटीवर नाय जायाचं.” भाकरी थापायची थांबली. आमच्या घरात ती थपथप थांबली की सगळेच घास हातात धरून थांबायचे.

“मग काय कराचं?” आत्या म्हणाली.

“बघतो काहीतरी.”

“बघतो? बालू, शेतात इमारती उगवल्यात. कोनाच्या बांधावर बसून बघशील?” मग तिने थापलेली भाकरी मोडून पुन्हा गोळा केला. “रिकामा पुरुष मना घरात नको. काम दाखव, नि खुशाल र्‍हा. नायतर तुझा तो बोटीचा एजंट फोन करंल तवा बॅग भर.”

ती हे रागाने म्हणाली असं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं. तो परत गेला तर सगळ्यांत जास्त कोणाचं जाणार होतं, हे कळायचं माझं वय नव्हतं. वय होतं खरं तर. अक्कल नव्हती.

काम कुठे मिळेल याची एकच आशा होती, ती माणिकपूरला. तिथे फ्रान्सिसअंकलचं सायकली आणि खेळण्यांचं दुकान होतं. गोल पोटाचा, गोल चष्म्याचा, सतत घाम पुसणारा माणूस. नव्या सोसायट्यांतल्या पोरांचे मामा-काका परदेशातून अशा गाड्या आणू लागले होते, आणि त्या मोडल्या की सगळे त्याच्याकडे यायचे. त्याला सायकलच्या पंक्चरपलीकडे काही येत नव्हतं. काका त्याच्याकडे इंधन विचारायला गेला आणि काउंटरवरचा एक मेलेला ट्रक तिथल्या तिथे जिवंत करून आला. फ्रान्सिसअंकल खूश झाला, पण धंदेवाला माणूस.

“बालू, एक चालू केलास, मान्य. पण पोरं काय म्हणतात माहितीये? अंकल, फास्ट करून द्या. फास्ट केली की दोन दिवसांत गिअर फुटून परत येते आणि आई येते भांडायला. तू फास्ट करशील आणि फुटणार नाही, असं करून दाखव बाबा. माझा मेव्हणा विल्सन आहे, त्याचा ट्रक अख्ख्या वसईत पुढे. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की तुमच्या मिठागरावर येतो. दाखव. आवडलं तर दुकानात एक टेबल तुझं.”

म्हणजे आता एका बाजूला बोट आणि दुसऱ्या बाजूला टेबल, आणि मध्ये तो मांजराएवढा ट्रक. मला विचाराल तर मी बोटीवर पैज लावली असती. कारण मूळचं इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं झालं होतं. सुरू व्हायला कुरकुर आणि चढ आला की खोकला. काकाने सिंगापूरहून एक दणकट इंजिन आणून ठेवलं होतं. त्याने जुनं काढलं आणि नवं बसवलं. पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकच्या मोठ्या चक्राचे दात झडून अंगणभर पसरले. आत्याने ते तांदूळ समजून वेचायला घेतले.

मग सुरू झालं ते. काकाने वसईतल्या गाळ्यातल्या एका लेथवाल्याकडून पोलादी चक्र करून आणलं, तर पुढच्या डब्यातले छोटे गिअर फुटले. ते मजबूत केले, तर चाकांकडे जाणारी दांडी पिळली, अगदी कपडे पिळतात तशी. दांडी बदलली, तर चाकाचा नट निघून चाक एकटंच शाळेच्या दिशेने गेलं. आमच्या बाबांनी ओटीवर पेपर वाचता वाचता मत दिलं, “आपल्या घरासारखं हाय हे. एकाला जोर चढला की दुसरा मोडतो.” हे म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं नाही, एवढे ते शहाणे होते. काका मात्र चिडला नाही. तो बोटीवरून आलेला माणूस. म्हणायचा, “रेशमे, इंजिन मोठं करनं सोपं हाय. त्याचा जोर चाकापर्यंत न मोडता न्यायचा, त्याला अक्कल लागते.” दोन चक्रांच्या दातांमध्ये कागदाच्या जाडीएवढी फट ठेवायची असते. घरात कागद म्हणजे आत्याला आलेल्या लग्नपत्रिका. काकाने पहिल्यांदा पत्रिकेचाच तुकडा मध्ये धरून फट ठेवली. पत्रिका होती गणपतीचं चित्र उठवलेली, चांगली जाड. चक्रं एकमेकांना नुसती नमस्कार करत फिरली. मग बाबांचा पेपर फाडला तेव्हा कुठे जमलं, आणि त्या दिवशी बाबांना भविष्य वाचायला मिळालं नाही.

एवढं सगळं झाल्यावर नव्या इंजिनाला सवय लावायची होती. नवं इंजिन एकदम पळवायचं नसतं. पहिल्या काही टाक्या त्याला जागच्या जागी हळूहळू चालवायचं, मध्ये मध्ये थंड होऊ द्यायचं, आणि तेल नेहमीपेक्षा जास्त पाजायचं. हे जास्तीचं तेल म्हणजे एरंडेल. ते आणायला कोण? काका रिमोट सोडेना, बाबा कामावर, म्हणून मी. नायगावच्या औषधाच्या दुकानात सोळा वर्षांच्या मुलीने जाऊन, मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलांच्या देखत, एरंडेलाची मोठी बाटली मागायची. दुकानदार भला माणूस. पहिल्यांदा म्हणाला, “एक चमचा रात्री, कोमट दुधातून.” दुसऱ्यांदा गेले तर म्हणाला, “अजून नाही झाली?” तिसऱ्यांदा त्याने आवाज खाली आणून विचारलं, “बेटा, घरात किती जणांना आहे?” मी मान खाली घालून म्हटलं, “इंजिनाला हवंय.” तो म्हणाला, “लाजायचं नाही त्यात.” आठवडाभरात जूचंद्रमध्ये बातमी पसरली की आमच्या घराला सामुदायिक बद्धकोष्ठता झाली आहे. शेजारची यशोदाकाकी पपई घेऊन आली. तिच्या सुनेने भिजवलेले मनुके पाठवले. आम्ही ते सगळं खाल्लं, आणि मग आमच्या घरात जे झालं ते बघून गावाची खात्री पटली की एरंडेल लागू पडलं.

अंगणात पाटावर ट्रक ठेवून काका त्याला सवय लावत बसायचा तेव्हा आत्या दारात उभी राहून बघायची. एकदा तिने विचारलं, “पलवीत का नाय?”

“नवं हाय, ताई. हलू घ्यायचं. जोर नाय द्यायचा. तेलकट खायाला घालायचं, थोडं थोडं दमवून निजवायचं. घराची सवय झाली की मग कामाला लावायचं.”

“म्हंजे नवरीच की,” आत्या म्हणाली.

“तसंच समज.”

त्या दिवसापासून तिची गाडीकडे बघायची नजरच बदलली. आमच्या बोलीत गाडीला गारी म्हणतात. तोवर ती गारी होती, आता ‘ती’ झाली. काकाने जरा जास्त जोर दिला की आतून गर्जना यायची, “बालू! कालची आलेली पोर ती!” उन्हात पाट राहिला तर उचलून ओटीवर आणायची. एकदा तर मी बघितलं, तिने इंजिनावर ओला फडका टाकला होता आणि त्याच्याकडे बघत शेंगा सोलत बसली होती. शुक्रवारी काकाने हात पुसत जाहीर केलं, “सवय झाली. रविवारी मैदानात.”

“हलद कवा?” आत्याने विचारलं.

काका हसला. “शनिवारी कर.”

काकाने आयुष्यात पुष्कळ थट्टा केली असेल, पण धवलारणीशी हळदीची थट्टा करू नये. सुताराशी लाकडाची आणि भटाशी दक्षिणेची करू नये तशी.

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे तुम्हाला रविवारी माझ्यासारखं तोंड उघडं टाकून उभं राहावं लागणार नाही. शनिवारी दुपारी काका इंधन आणायला माणिकपूरला गेला होता आणि मी क्लासला. गावात एका घरी खरी हळद होती. ती उरकून आत्या आणि तिच्याबरोबरच्या बाया आमच्या अंगणात आल्या, आणि येताना वाटीत उरलेली हळद घेऊन आल्या, तेलात चांगली कालवलेली. ट्रक पाटावर होताच. आत्या कुठलंही काम अर्धं करत नसे. माणसाला हळद पायापासून डोक्यापर्यंत लावतात, तशी तिने आंब्याच्या पानाने आधी चाकांना लावली, मग दांड्यांना, मग बाजूंना, मग इंजिनाच्या डोक्याला. आणि इंजिन आणि पोलादी चक्र यांच्यामध्ये जी घंटेसारखी छोटी वाटी फिरताना दिसायची, तिला नवरीचं पोट समजून, आशीर्वाद म्हणून, तिथे सगळ्यांत जास्त. धवला म्हटला. बायांनी साथ दिली. मग माझी आई घरातून बाहेर आली. आईला डाग दिसला की चैन पडत नसे. तिने फडक्याने वरची सगळी हळद लख्ख पुसून काढली. वरची.

ती घंटेसारखी वाटी म्हणजे क्लच. तिच्या आत दोन छोटे तुकडे असतात. इंजिन वेगात आलं की ते बाहेर फेकले जाऊन वाटीला घट्ट धरतात, आणि तेव्हा गाडी चालते. धरायला ते कोरडे लागतात. जगात एकच गोष्ट अशी आहे की जिला तेल अजिबात लागू द्यायचं नसतं, आणि ती आमच्या आत्याने हळदीच्या तेलात न्हाऊ घातली होती.

रविवारी मिठागरावर निम्मं गाव आलं. पावसानंतर मिठागराची जमीन माणसं रांगेने पायांनी तुडवून सपाट करतात, खाडीचं पाणी आत घ्यायच्या आधी. ती सुकली की अशी कडक आणि गुळगुळीत होते की तिथे कॅरम खेळावा. मुकादम बाबांचा मित्र होता, म्हणून एक वाफा आम्हाला मिळाला होता, “टायरचे वळ उठले तर तूच तुडवायचं” या बोलीवर. आता त्या बाजूला उंच इमारतींच्या रांगा दिसतात आणि मी तिथून रिक्षाने जाते तेव्हा माझ्या नकळत डावा पाय उचलला जातो, चपलेसाठी. फ्रान्सिसअंकल चर्चच्या कपड्यांतच आला होता, घाम पुसत. विल्सन त्याच्यासोबत, गॉगल, हातमोजे आणि लाल चमकता ट्रक. आत्या आणि तिच्या बाया बांधावर ओळीने, ठेवणीतल्या लुगड्यांत. मला वाटलं, किती कौतुक काकाचं! त्या लग्नाला आल्या होत्या हे मला माहीत नव्हतं.

मी प्लग लाल केला, काकाने दोरी ओढली. इंजिन असं लागलं की बांधावरचे बगळे उठले. फ्रान्सिसअंकलने हात खाली केला. विल्सनचा लाल ट्रक सणकन सुटला. काकाने जोर दिला. इंजिन किंचाळलं. ट्रक तिथेच.

काकाने आणखी जोर दिला. इंजिन आणखी किंचाळलं. ट्रक थरथरला, हिरमुसल्यासारखा नाकाने किंचित पुढे झाला आणि थांबला. लाल ट्रक वळसा घालून आमच्यासमोरून गेला. पोरं हसायला लागली. कोणीतरी ओरडलं, “धक्का मारा रे, धक्का!” विल्सन म्हणाला, “बालूभाय, हँडब्रेक काढलात का?” बाबा पेपर घेऊन आले नव्हते, त्यामुळे त्यांना तोंड लपवायला काही नव्हतं. मी काकाकडे बघितलं. तो रिमोटचा घोडा दाबून उभा होता आणि कपाळावर घाम. तो ट्रककडे बघतच नव्हता. खाडीपलीकडे बघत होता, बोटी जातात त्या दिशेला.

आणि तेवढ्यात बांधावरून आत्याने धवला सुरू केला. नवरी घराबाहेर पाऊल टाकायला रडते, अडते, तेव्हाचा. पूर्ण गळ्याने. इंजिनाच्या वरताण. बायांनी साथ धरली. फ्रान्सिसअंकलने नकळत हात जोडले, कारण त्याला काय करायचं ते कळेना.

मग धूर आला. आधी पांढरा, मग पिवळसर. आणि वास. नायट्रोचा नव्हे, एरंडेलाचाही नव्हे; कढईत तेल तापवून हळद टाकली आणि मासे टाकायचे विसरलं, असा. काकाने हुंगलं. पुन्हा हुंगलं. सावकाश मान वळवून त्याने बांधाकडे बघितलं. मी शपथेवर सांगते, मी त्याच्या चेहऱ्यावर तळण्याच्या वासावरून गणित सुटताना बघितलं. “रेशमे,” तो म्हणाला, “बाजूला हो.” आणि त्याने घोडा सोडला नाही. आणखी दाबला.

क्लचमधलं तेल जळून संपलं. आणि ते संपल्या क्षणी, पूर्ण वेगात किंचाळत असलेल्या त्या इंजिनाला त्या तुकड्यांनी एकदम गच्च मिठी मारली.

ट्रक गेला असं म्हणणं कमी आहे. तो आधी मागच्या दोन चाकांवर उभा राहिला आणि मग आडवा-उभा असा काही भेद न ठेवता सुटला. वळणावर वळला नाही. लाल ट्रकच्या नाकासमोरून सरळ बांधाकडे. बाया उठल्या. आत्या उठली नाही, आणि गाणंही थांबवलं नाही. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर बांध चढला, हवेत गेला, हवेत असताना त्याच्या सावलीने मुकादमाच्या डोक्यावरून प्रवास केला, आणि पलीकडच्या वाफ्यातल्या काळ्या चिखलाच्या ढिगावर चार पाय वर करून पडला. चाकं भणाणत होती. मी धावले. डावी चपल काढून सायलेन्सरवर दाबली. शांत झालं. आत्याचाही श्वास तिथेच संपला, त्यामुळे एकदम फारच शांत झालं.

“विल्सन जिंकला,” विल्सन म्हणाला.

“जिंकला काय?” आत्या बांध उतरत गरजली. “हलद लागलेली नवरी शर्यतीत पलते काय कुठं? तुमच्यात पलवत असतील!”

फ्रान्सिसअंकल धापा टाकत आला. त्याने क्लचवर बोट फिरवलं आणि चष्म्याजवळ नेलं. बोट पिवळं. “बालू. हे काय आहे बाबा?” काकाने आत्याकडे बघितलं. आत्याने हळदीने पिवळा झालेला उजवा हात पदराखाली घेतला. तिला तेव्हा कुठे कळलं, आपण काहीतरी केलंय. तिचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता. लहान झाला होता.

“आमच्यात लावतात,” काका म्हणाला. “नव्या गोष्टीला. मीच सांगितलं होतं लावायला.”

फ्रान्सिसअंकलने बोट रुमालाला पुसलं. मग त्याने काकाकडून पाना मागितला, चिखलातच बसला, चर्चच्या पँटसकट, आणि गिअरचा डबा उघडला. विल्सन वाकला. मीही वाकले. पोलादी चक्राचे दात सगळे जागेवर. आतले गिअर जागेवर. दांड्या सरळ. अंकलने चक्र बोटाने फिरवलं आणि चारही चाकं चिखल उडवत निमूट फिरली.

“विल्सन,” तो म्हणाला, “असा झटका तुझ्या गाडीला बसला असता तर?”

विल्सनने गॉगल वर केला. “माझे दात आपण अजून शोधत असतो.”

“बघ. आणि मी म्हणत होतो, फास्ट करून फुटणार नाही असं दाखव.” फ्रान्सिसअंकलला हसू आलं ते पोटातून आलं, आणि पोट मोठं असल्यामुळे बराच वेळ येत राहिलं. “बालू, सोमवारी ये. टेबल तुझं. पण ताई, माझ्या दुकानात हळद नाही हां! मेणबत्ती लावू आपण. लांबून.”

एजंटचा फोन संध्याकाळीच आला. काका ओटीवरून उठेपर्यंत आत्याने तो घेतलाही होता. एजंटला वाटलं असेल की बोटीचा भोंगा वाजला. “नाय येनार तो! काम हाय त्याला! आता नाय, मग पन नाय!” असं म्हणून तिने रिसीव्हर ठेवला, आणि मग आत जाऊन, कोणी बघत नाही असं समजून, चुलीसमोर बसून पदराने डोळे पुसले. मी बघितलं. बाबांनीही बघितलं, पण त्यांनी पेपर वर केला.

सोमवारी सकाळी काका माणिकपूरला निघाला, आणि आमच्या घराला माणूस कामाला जाताना कसं वागायचं हे माहीत नव्हतं. बोटीवर जाताना कसं वागायचं तेवढं माहीत होतं. त्यामुळे सगळं तसंच झालं. आत्याने त्याच्या हातावर दही ठेवलं. पिशवीत सुकट, बोंबील, मसाला, लोणचं, दोन चादरी. यशोदाकाकी निरोप द्यायला आली. “जपून र्‍हा. पोचल्यावर कलव,” आत्या म्हणाली. काका म्हणाला, “ताई, माणिकपूरला चाललोय.” “माहीत हाय मना कुठं चाललास,” ती म्हणाली, आणि रिक्षा वळेपर्यंत फाटकात उभी राहिली, आणि वळल्यावरही.

मग ती आत गेली आणि इतकी वर्षं तो निघून गेल्यावर जे करायची तेच तिने केलं: तांदूळ निवडायला घेतले आणि त्यातले मूठभर परत कणगीत टाकले. त्याच्या वाटणीचे. हात ठरलेला होता तिचा. दुपारी आम्ही ताटं घेऊन बसलो, आत्याने पहिला घास उचलला, आणि अंगणातून काकाचा आवाज आला, “जेवाला काय हाय?”

तो पाय धुऊन आला, पाट ओढून बसला आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघू लागला. “माझं ताट?”

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. “आलास कशाला?” ती म्हणाली.

“दुपारची सुट्टी असते गं. रोज येनार.”

“रोज?”

“रोज.”

आत्याने हातातला घास त्याच्या तोंडात कोंबला, उठली, आणि भाताचं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं.